हातातली चकती : भिलाईहून एक टिपण



भिलाईला पोस्टिंग आहे म्हटलं की गावाकडचे लोक पोलाद कारखान्याबद्दल विचारतात. त्याचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. देशभरच्या रेल्वेचे बरेचसे रूळ इथलेच. पण नंदिनी रोडच्या बाजूला फेरी मारली, तर कानावर पहिला आवाज पडतो तो हातातल्या कटरचा. लोखंड जन्मतं भट्टीत, पण कामाला येतं कापल्यावर. आज या कटरबद्दल लिहितो, कारण निवृत्तीनंतर आपल्यातल्या अनेकांच्या घरी तो येतोच.

आपल्याकडे धार लावायचं काम शिकलगाराचं. पायाने फिरवायचं चाक आणि त्यावर दगड. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांना सिलिकॉन कार्बाइड सापडलं आणि नैसर्गिक दगडाची जागा कारखान्यात बनलेले कठीण कण घेऊ लागले. पुढे 1907 च्या सुमारास लिओ बेकलंड यांनी बेकेलाइट शोधलं. त्या जातीच्या राळेने हे कण घट्ट बांधता येऊ लागले आणि पातळ, वेगवान चकती शक्य झाली. भारतात अशी चाकं बनवायला सुरुवात झाली ती आपल्याच मुलखात, उरणजवळच्या मोरा इथे, 1941 मध्ये. ग्राइंडवेल हे नाव तिथूनच आलं.

स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाने कायदा आला. त्याच्या कलम 30 मध्ये लिहिलं होतं की प्रत्येक ग्राइंडिंग यंत्राजवळ सूचना लावा. चाकाचा जास्तीत जास्त सुरक्षित वेग किती, ते त्यावर लिहा आणि तो ओलांडू नका. कलम 35 मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. कायदा चांगलाच होता. पण त्याच्या नजरेसमोर होतं ते जमिनीला बोल्टने आवळलेलं यंत्र, ज्याच्या शेजारी पाटी लावता येते.

1954 मध्ये जर्मनीतल्या श्टाइनहाइम गावच्या आकरमान अँड श्मिट या कंपनीने हातात धरायचा अँगल ग्राइंडर आणला. त्याचं नाव फ्लेक्स. जर्मन लोक आजही अशा यंत्राला फ्लेक्सच म्हणतात. भिलाईचा करार झाला त्याच्या आदल्याच वर्षी. यंत्र जमिनीवरून उचललं गेलं आणि माणसाच्या हातात आलं. आता ना शेजारी भिंत, ना पाटी. ती सूचना चकतीवरच छापली जाऊ लागली: कमाल वेग, फेऱ्या, आणि मधल्या धातूच्या कडीवर मुदत.

ही छापील अक्षरं किती मोलाची आहेत ते हिशोबाने बघू. चार इंची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते, तेव्हा तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. आता कुणी लवकर काम व्हावं म्हणून गार्ड काढून त्याच यंत्रावर सात इंची चकती चढवली, तर कडेचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या पुढे जातो. अशा चकतीची मर्यादा साधारण 80 मीटर असते. चकती फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो मर्यादेच्या दीडपटीहून जास्त होतो. चकती फुटली तर तुकडा कुठे जाईल ते गार्ड ठरवतो. गार्डच नसेल, तर समोर तुमचा चेहरा असतो.

भिलाईत आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. पोलाद कारखान्यात पाइपांमधून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचे वायू वाहतात. 12 जून 2014 ला इथे गॅसगळतीत सहा जण गेले. 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हन भागात गॅस पाइपलाइनच्या देखभालीवेळी स्फोट झाला आणि दहाहून अधिक कामगार गेले. या घटना मी कटरच्या माथी मारत नाही. पण ठिणगी पाडण्याआधी आत काय आहे हे का विचारायचं, ते त्यावरून कळतं. 1948 च्या कायद्यातही कलम 37 होतं: ज्वालाग्राही पदार्थ असलेली टाकी रिकामी आणि निर्धोक केल्याशिवाय तिच्यावर उष्णतेने कापाकापी करायची नाही. डिझेलचं जुनं पिंप अर्धं कापून पाण्याचं टाकं करायचा बेत असेल, तर हे आठवा. पिंप रिकामं दिसतं, पण आत वाफ असते.

बाकी आपल्याला नवीन काही नाही. फौजेत हत्यार हातात घेतलं की ते भरलेलंच आहे असं धरून चालतो. इथेही तसंच. आधी प्लग काढायचा, मग चकती बदलायची. चिरा गेलेली किंवा मुदत संपलेली चकती फेकून द्यायची. दोन्ही हात यंत्रावर, डोळ्यांवर चष्मा आणि त्यावर फेस शील्ड. उडू शकेल असा सैल कपडा अंगावर नको. कापायच्या लोखंडाला असा टेकू द्यायचा की चीर उघडत जाईल, चकतीवर आवळणार नाही. ती अडकली की यंत्र उसळी घेतं. कापायच्या पातळ चकतीने आडवं घासायचं नाही. बटण बंद केलं तरी चकती थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवायचं नाही.

विजेवर चालणाऱ्या जागेसाठी त्या कायद्याची मूळ व्याख्या दहा किंवा जास्त कामगारांपुरती होती. आपल्या अंगणात, गोठ्यात किंवा दोन माणसांच्या शेडमध्ये कुणी इन्स्पेक्टर येत नाही. जमिनीवरच्या यंत्राची जबाबदारी कारखान्यावर होती. यंत्र हातात आलं तेव्हा तिचा मोठा भाग हातावर आला. ज्या हातांनी वीस-वीस वर्षं रायफल सांभाळली, त्यांना हे जड जाऊ नये.

घरातल्या पोराने पहिल्यांदा कटर मागितला, तर त्याला आधी गार्ड दाखवा, मग बटण.

जय हिंद.