फटफटीचा आवाज

मोटारसायकलला आमच्या वऱ्हाडात 'फटफटी' म्हणतात. बाकीच्या वाहनांना नावं पडली ती रूपावरून किंवा कामावरून. हिला मात्र आवाजावरून. अशा बाईला सायलेन्सर बसवणं म्हणजे गवयाच्या तोंडाला फडकं बांधणं. पण हा उद्योग जुना आहे. 1897 साली अमेरिकेतल्या रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाचा आवाज कोंडणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. पुढं हायरम पर्सी मॅक्झिम यांनी 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं आणि तीच युक्ती इंजिनांनाही लावली. गंमत म्हणजे यांचे तीर्थरूप मॅक्झिम मशीनगनचे जनक! बापानं जगाचे कान फोडायचे आणि पोरानं बोळे वाटत फिरायचं. आमच्याकडे हल्ली नेमकं उलटं आहे.

1955 साली मद्रासला बुलेटचा कारखाना निघाला, 1961 मध्ये म्हैसूरला जावाचा. कापसाचा चुकारा हाती पडला, की वऱ्हाडातला सधन कास्तकार बुलेटकडे बघायचा. जावाला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. हा थाट मला सरकारी खात्यासारखा वाटे. मास्तर मंडळींच्या नशिबी राजदूत. आमच्या बाबांचीही तीच होती.

टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर ऑइलही पिते, त्यामुळे सायलेन्सरात काजळी धरते. तो चोंदला की गाडी दम टाकते. मग मिस्तरी आतली जाळी काढून विस्तवावर भाजायचा, नाहीतर कॉस्टिक सोड्यात बुडवायचा. बाबांचा सायलेन्सर एकदा भाजण्यापलीकडे गेला, तेव्हा अकोल्याच्या एका मिस्तऱ्यानं बाजारातला दुसरा काढला. "मास्तर, गाडीले आवाज कसा पायजे? बसलेला का उठलेला?" बाबा म्हणाले, "स्वस्त." मिस्तऱ्यानं उठलेला बसवला.

मूर्तिजापूर, बडनेरा जागं करत बाबा शंभरेक किलोमीटर अमरावतीला आले. घरी तवा थंड. एरवी गाडी कोपऱ्यावर वळली, की आई चुलीवर तवा टाकायची. ते आमचं टेलिफोन खातं होतं. "काऊन वं, भाकर?" बाबांनी विचारलं. आई म्हणाली, "मले वाटलं, कोनाची तरी फटफटी हाय." त्या रात्री बाबा बराच वेळ बोलले नाहीत. स्वतःच्या घरात परका ठरलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आईला नवा आवाज पाठ व्हायला पंधरा दिवस लागले.

आणि त्या आवाजानं गाडी पळाली म्हणाल, तर तीही नाही. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरातून उलट फिरणारी दाबाची लाट सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल आत ढकलते. जाळी उपटली, आकार बदलला, की ती लाट चुकते. आवाज वाघाचा आणि ओढ बकरीची! चढावर बाबांच्या पुढून सायकली जात.

आता अमरावती-अकोला रस्ता गुळगुळीत आहे. 2022 च्या जूनमध्ये त्यातलं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला. रस्त्याचा आवाज गेला म्हणून की काय, पोरांनी गाड्यांचा वाढवला. माझ्या पुतण्यानं बुलेटला 'इंदोरी' सायलेन्सर लावलाय. कंपनीचा मूळ सायलेन्सर पोत्यात गुंडाळून माळ्यावर. तपासणी असली की खाली उतरतो. कायदा मी त्याला वाचून दाखवला. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. राज्यात ठिकठिकाणी पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोलर फिरवतात, तेही सांगितलं. तो म्हणतो, "काका, आपला आवाज वेगळा पायजे ना!"

वेगळा कुठला? आमच्या गल्लीत इंदोरीवाले पाच आहेत. आई आता नव्वदीला टेकली आहे. रात्री दर बुलेटला ती दचकून उठते, कान देते आणि मला विचारते, "आपलाच हाय का रे?" मला सांगता येत नाही. दार उघडून बघावं लागतं.