लोकमताचा उशिरा आलेला जाब

३ जून १९८२ रोजी लंडनमध्ये इस्रायलचे राजदूत श्लोमो आर्गोव्ह यांच्यावर गोळी झाडण्यात आली. हल्लेखोर अबू निदालच्या गटाचे, म्हणजे यासर अराफत यांच्या हाडवैऱ्याचे हस्तक होते. तथापि तीनच दिवसांनी इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये अराफत यांच्याच संघटनेवर चालून गेले. प्रारंभी इस्रायली लोकमत बहुतांशी सरकारच्या पाठीशी होते. सप्टेंबरात इस्रायली सैन्याने वेढलेल्या बेरूतमधील साब्रा-शातिला येथे फलांजिस्टांनी पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल केली, तेव्हा तेच लोकमत खवळले. २५ सप्टेंबरला तेल अवीव येथे प्रचंड सभा भरली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. फेब्रुवारी १९८३ मध्ये संरक्षणमंत्री एरियल शारोन यांचे ते पद गेले. लोकमत राज्यकर्त्यांना जाब विचारू शकते, हे खरे. परंतु तो प्रश्न जूनमध्येच विचारावयास हवा होता.