ठळक अक्षर कोणाचं? छापील प्रोग्रॅमचा थोडा इतिहास

संगणकाच्या पुस्तकात प्रोग्रॅमचा मजकूर छापलेला असतो. त्यातले काही शब्द ठळक असतात, काही तिरपे, अलीकडे निळे-हिरवेही. पाहणाऱ्याला वाटतं, ही सजावट आहे. पण निदान एका भाषेत ती सजावट नव्हती, भाषेचाच भाग होती. तिथूनच सुरुवात करू.

जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला तेरा जण जमले आणि अल्गोल ६० ही भाषा ठरली. अहवालाचं संपादन पीटर नाऊर यांनी केलं. त्यात ठळक छापलेला 'बिगिन' हा पाच अक्षरांचा शब्द नव्हे, तर अधिकच्या चिन्हासारखं ते एक अखंड चिन्ह. तीच पाच अक्षरं साध्या ठशात आली की ते एखाद्या चलाचं नाव होऊ शकतं. म्हणजे ठसा बदलला की अर्थ बदलला! भाषेची तीन रूपंही मानली होती: संदर्भासाठी एक, छपाईसाठी एक, आणि यंत्रावर चालवायचं तिसरं.

या तिसऱ्या रूपातच अडचण होती. छिद्रं पाडलेल्या कार्डांवर ठळक अक्षर कुठून आणणार? मग कुणी शब्दाभोवती अवतरणचिन्हं घातली. पुढच्या पास्कल, सी अशा भाषांनी सरळ काही शब्द राखीव केले, ते नाव म्हणून वापरायलाच बंदी. सोय झाली, पण ठळकपणा मजकुरातून गेला. छापताना तो हवा असेल तर कुणीतरी पुन्हा ओळखून घालायचा. हे 'कुणीतरी' कोण, हाच पुढचा सगळा इतिहास आहे.

बर्कलेच्या युनिक्समध्ये 'व्हीग्राइंड' नावाचा प्रोग्रॅम होता. तो राखीव शब्द ठळक आणि टिपा तिरप्या करून छपाईला देई. डोनाल्ड कनुथ यांचा मार्ग निराळा. 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' हा त्यांचा लेख १९८४ चा. त्यांचा 'वीव्ह' हा प्रोग्रॅम शब्दांची नुसती यादी पाहत नसे, पास्कलच्या व्याकरणाचे नियम लावून तुकडे जोडत जाई. १९८६ साली टेकचा संपूर्ण प्रोग्रॅम पुस्तकरूपात आला तो असाच विणलेला. माझ्या मते इतकं देखणं काम त्यानंतर क्वचितच झालं. मात्र ते एकाच भाषेपुरतं होतं.

१९९० च्या दशकात कार्स्टेन हाइन्झ यांचं 'लिस्टिंग्ज' लेटेकसाठी आलं. ते मुख्यतः याद्यांवर चालतं, म्हणून डझनावारी भाषा त्यात बसल्या. नंतरच्या 'मिंटेड'ने ओळखण्याचं काम 'पिगमेंट्स' या बाहेरच्या प्रोग्रॅमवर सोपवलं. त्याच्या नियमांचे साचे यादीपेक्षा बरेच हुशार. पण दस्तऐवज जुळवताना बाहेरचा प्रोग्रॅम चालवायची परवानगी द्यावी लागे, आणि परक्याच्या फाइलला अशी परवानगी देणं म्हणजे घराची किल्ली देण्यासारखंच. (रंगांबद्दल एवढंच सांगतो: फिकट पिवळा शब्द काळ्या-पांढऱ्या छपाईत जवळजवळ नाहीसा होतो. ठळक आणि तिरपं टिकतं.)

आता खरी गाठ. सी भाषेत 'टी * एक्स;' एवढंच लिहिलंय. टी ही संख्या असेल तर हा गुणाकार. टी हे आधी प्रकाराचं नाव म्हणून घोषित असेल, तर ही एक्स या पॉइंटरची घोषणा. आपल्याकडे शास्त्रकारांचं जुनं उदाहरण आहे ना, 'सैंधव आण' म्हटलं तर काय आणायचं? जेवताना मीठ, प्रवासाला निघताना घोडा. शब्दांच्या यादीत 'सैंधव' सापडेल, पण माणूस ताटावर बसलाय की दारात उभा आहे, हे यादीला कसं कळणार?

अलीकडच्या 'ट्री-सिटर'सारख्या साधनांनी मजकुराचा व्याकरणवृक्ष बांधायला सुरुवात केली. ही मोठी सुधारणा. तरी टीचं काय, हे नुसत्या व्याकरणानं सुटत नाही. त्यासाठी घोषणा पाहाव्या लागतात. संपादकात अख्खी फाइल समोर असते म्हणून ते जमतं. पुस्तकात मात्र आपण पाच ओळींचा उतारा देतो आणि घोषणा राहते दुसऱ्याच पानावर, किंवा छापलेलीच नसते. अशा वेळी टी काय आहे हे एकट्या लेखकाला माहीत असतं. 'लिस्टिंग्ज'मध्ये त्यासाठी साधी सोय आहे: या उताऱ्यात अमुक शब्द प्रकाराचे समजा, असं लेखकानं स्वतः लिहून द्यायचं. १९६० साली अल्गोलचा लेखक टंकलिखितात शब्दाखाली रेघ ओढायचा, त्याच्या जवळ जाणारंच हे काम आहे.