एमएचटी-सीईटी : अभ्यासासोबत कागदपत्रांचीही तयारी

अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष एमएचटी-सीईटी घेतो. पीसीएम गटात २०० गुणांचे १५० प्रश्न असतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे, तर गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नये. सुमारे ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असला, तरी अकरावीची पुस्तके बाजूला ठेवू नयेत. परीक्षा संगणकावर होते. वेळ लावून सराव करावा.

१९९० च्या केंद्रीय दुरुस्ती कायद्याने बौद्ध धर्मांतरितांचा अनुसूचित जातींत समावेश झाला. मात्र राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अकरावीतच अर्ज करावा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे शोधण्यात बराच वेळ जातो. वडील किंवा काकांची वैधता असल्यास ती जोडावी. चांगले पर्सेंटाइल मिळूनही या एका कागदाअभावी हक्काची जागा जाऊ शकते. विहारातील जाणत्या मंडळींनी अर्ज भरण्यास मदत केली, तर अनेक मुलांचे वर्ष वाचेल.