चौकट क्रमांक 27: अमेरिकन सैनिकाच्या कागदावरचा एक कोड

आज आपण एका कागदाचा इतिहास बघणार आहोत. कागद अमेरिकन आहे, नाव डीडी 214. तिकडे सैनिक सेवेतून बाहेर पडला की हा कागद त्याच्या हातात पडतो, 1950 पासून. घरासाठीचं कर्ज, कॉलेजची फी, नोकरी, अगदी लष्करी दफनभूमीतली जागा, सगळीकडे हाच मागतात. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखं समजा. जमीन कसणारा वेगळा असू शकतो, पण विचारलं जातं ते उताऱ्यावर काय लिहिलंय तेच.

आजच्या नमुन्यात चौकट 24 मध्ये सेवेचा दर्जा असतो, 26 मध्ये सेवामुक्तीचा कोड, 28 मध्ये कारण शब्दांत. या दोघांच्या मध्ये 27 नंबरची छोटीशी चौकट आहे. तिच्यात पुनर्भरतीचा कोड असतो. ढोबळमानाने आरई-1 म्हणजे परत यायला हरकत नाही. आरई-3 म्हणजे अडचण आहे, पण सूट मिळू शकते. आरई-4 म्हणजे दार बंद. वैद्यकीय कारणावरून बाहेर पडलेल्यांच्या वाट्याला बहुधा आरई-3 येतो. नौदलात शारीरिक अपंगत्वासाठी त्याला 'पी' हे अक्षर जोडतात. आपल्या फौजेत 'बोर्ड आउट झाला' म्हणतात, तसाच हा माणूस. गुन्हा काही नाही, दर्जा सन्माननीय, तरी दारावर कडी.

या कडीविरुद्ध दाद मागायची कुठे? इथून खरा इतिहास सुरू होतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कर 'ब्लू डिस्चार्ज' नावाचा दाखला देत असे. निळ्या कागदावर छापलेला म्हणून निळा. सन्माननीय नाही आणि अपमानास्पदही नाही. कोर्टमार्शलची भानगड न करता नको असलेला माणूस घालवायची ही सोय होती. डिसेंबर 1941 ते जून 1945 या काळात लष्कराने असे 48,000 हून अधिक दाखले दिले. त्यांत कृष्णवर्णीय सैनिक 22 टक्क्यांच्या आसपास होते; लष्करातलं त्यांचं प्रमाण त्याच्या एक तृतीयांशही नव्हतं. निळा कागद दाखवला की नोकरी देणारा मालक मान हलवायचा, आणि सरकारी सवलतींचं खातंही.

म्हणून 22 जून 1944 रोजी सही झालेल्या 'जीआय बिल'च्या कलम 301 मध्ये डिस्चार्ज पुनर्विलोकन मंडळांची तरतूद आली. मुदत 15 वर्षांची. पण सेवेच्या नोंदीत दुसरी कुठली चूक असेल तर? त्या काळी एकच उपाय होता, आपल्या खासदाराला गाठायचं आणि त्याच्याकडून आपल्या एकट्याच्या नावाने खाजगी विधेयक मांडून घ्यायचं. एका शिपायाची एक ओळ दुरुस्त करायला देशाची संसद! काँग्रेस या विधेयकांना अक्षरशः कंटाळली. 1946 च्या संसद पुनर्रचना कायद्याने अशी विधेयकं बंद केली आणि कलम 207 ने नोंदी दुरुस्त करायचा अधिकार लष्करी खात्यांच्या सचिवांना दिला. तो वापरायचा नागरी सदस्यांच्या मंडळामार्फत. आजची नोंद-दुरुस्ती मंडळं ती हीच. आम्हाला यातली गंमत ही वाटते की सैनिकाच्या न्यायाचं दार उघडलं ते खासदारांची डोकेदुखी टाळण्यासाठी.

या मंडळापुढे निकष दोनच, चूक किंवा अन्याय. आणि गृहीत असं की सरकारने जे लिहिलं ते नियमाप्रमाणेच लिहिलं. उलट सिद्ध करायचं अर्जदाराने. मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची, न्यायासाठी मंडळ ती माफ करू शकतं.

आता गुडघ्याच्या दुखण्याने घरी गेलेला एक तरुण डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांत गुडघा बरा झाला, आता तो रोज पळतो. तो मंडळाला लिहितो, 'मी बरा आहे, कोड बदला.' मंडळ काय बघणार? ज्या दिवशी कोड लिहिला त्या दिवशी तो बरोबर होता का, एवढंच. त्या दिवशी गुडघा खरोखर खराब होता. मग चूक कुठली? बरं होणं हा चुकीचा पुरावा होत नाही. अशा माणसाची वाट मंडळाकडे जातच नाही, ती भरती कार्यालयाकडे जाते. कोड तसाच राहतो, नव्या तपासण्या जोडायच्या आणि सूट मागायची. देणं न देणं त्या सेनादलाच्या गरजेवर. किती तरी जणांची वर्षं या दोन वाटांमधला फरक न कळल्याने गेली असतील.

निदानच चुकीचं होतं, ही मात्र वेगळी गोष्ट. आघातोत्तर तणाव, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकन मनोविकार सूचीत आलं 1980 साली. व्हिएतनामचं युद्ध त्याआधीच संपलेलं. जे निदान अस्तित्वातच नव्हतं ते कागदावर कुठून येणार? पुढे इराक-अफगाणिस्तानच्या काळात निदान होतं, तरी नोव्हेंबर 2001 ते जून 2007 मध्ये सुमारे 26,000 सैनिकांना 'व्यक्तिमत्त्व विकार' या शेऱ्याखाली काढलं. त्यांतले 2,800 च्या आसपास त्या युद्धांसाठी तैनात होऊन आलेले. हा विकार भरतीआधीचाच मानतात, म्हणून भरपाई नाही. 2008 मध्ये संरक्षण खात्याने नियम कडक केले. सप्टेंबर 2014 मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी मंडळांना कळवलं की पीटीएसडीच्या अर्जांकडे उदारपणे बघा. हेगल स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले शिपाई.

दुसरीकडे, 11 सप्टेंबर 2001 ते 2009 अखेर ज्यांना 20 टक्के किंवा कमी अपंगत्व ठरवून घरी पाठवलं, त्यांच्यासाठी 2008 च्या कायद्याने खास मंडळ नेमलं. कारण 30 टक्के झाले की निवृत्तिवेतन, खाली राहिलं तर एकरकमी पैसे. ही रेषा 1949 च्या कायद्यातली. या मंडळाला टक्के वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. पण बघा हं, टक्के वाढले की पेन्शन येते आणि परतीची वाट आणखी अरुंद होते. एकाच माणसाने एका खिडकीवर 'गुडघा गेला' म्हणायचं आणि शेजारच्या खिडकीवर 'गुडघा ठणठणीत'. दोन्ही अर्ज एकाच फायलीत जातात, हे विसरून चालत नाही.

आणि फाइल तरी हाताशी असते का? 12 जुलै 1973 रोजी सेंट लुइसच्या अभिलेखागाराला आग लागली. 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या. 1912 ते 1960 दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या नोंदींपैकी सुमारे 80 टक्के. सिद्ध करायचं अर्जदाराने, आणि पुरावा सरकारच्या घरात जळालेला!

त्याच सुमारास दुसरा एक गुंता सुटत होता. डीडी 214 वर पूर्वी 'स्पिन' म्हणून ओळखले जाणारे क्रमांक असत. 'अंथरूण ओलं करतो' इथपासूनची कारणं त्यांत दडलेली, सन्माननीय दाखल्यांवरसुद्धा. सैनिकाला अर्थ माहीत नसे. कंपन्यांच्या कचेऱ्यांत मात्र यादी पोचलेली असे. 1974 मध्ये सैनिकाला मिळणाऱ्या प्रतीवरून हे क्रमांक काढायचा आदेश निघाला, आणि जुन्या सैनिकांना मागणी केल्यास कोरी प्रत मिळू लागली. आजही कागदाच्या दोन प्रती निघतात, एक लांब, एक आखूड. आखूड प्रतीवर कोड आणि कारण नसतं. पण परत भरती व्हायला गेलं की ते लांब प्रत मागतात.