प्राचीन डीएनए : जुने गोवे ते तेर

मृताच्या हाडात किंवा दातात टिकून राहिलेले जनुकद्रव्य म्हणजे प्राचीन डीएनए. युरोपीय आल्यावर मूळ रहिवाशांचे काय झाले हे दप्तरांतून कळते, पण दप्तरे लिहिणारे बहुतेक आलेलेच असत. म्हणून हाडांची साक्ष काढायची. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्सिमशियन लोकांचे २५ पुरातन आणि २५ आजच्या व्यक्तींचे जनुक २०१६ साली ताडून पाहण्यात आले. सुमारे १७५ वर्षांपूर्वी ही वस्ती निम्म्याहून खाली आल्याचे त्यात दिसले. तो काळ देवीच्या साथींचा.

आपल्याकडे पोर्तुगिजांनी गोवा १५१० साली घेतला. तिथल्या प्राचीन डीएनएचे सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र ना पोर्तुगिजाचे, ना गोवेकराचे. ते जॉर्जियातील काखेती राज्याच्या केतेवान राणीचे आहे. इराणच्या शाह अब्बासने धर्मांतरासाठी केलेली सक्ती तिने मानली नाही, म्हणून १६२४ साली शिराझमध्ये तिचा छळ करून वध झाला. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष मिळवले आणि त्यांतील हाताचे हाड गोव्याला आणले. जुन्या दस्तऐवजांत जागाही नोंदली होती : जुने गोवे येथील संत ऑगस्टीन मठातील चॅप्टर चॅपेल, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत.

ठिकाण इतके नेमके, पण इमारतच राहिली नाही. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. आज टेकडीवर सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोऱ्याचा भाग तेवढा उभा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला २००४ साली या ढिगाऱ्यात हाड मिळाले. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात (सीसीएमबी) नीरज राय, के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी त्यातला तंतुकणिकांचा डीएनए वाचला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यावरून ठरणारा वंशगट निघाला ‘यू१बी’. २२ हजारांहून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत तो नव्हता, ३० जॉर्जियनांपैकी दोघांत होता. २०१४ च्या शोधनिबंधाने हाड ‘बहुधा’ राणीचे असल्याचे म्हटले. २०२१ च्या जुलैत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अवशेष जॉर्जियाकडे सोपवले तेव्हा समारंभात हा ‘बहुधा’ कुठे ऐकू आला नाही.

त्याच मठातील आणखी दोन हाडे तपासली गेली. त्यांचे वंशगट भारतात आढळणारे निघाले, त्यामुळे ती बातमीत मागे पडली. लोकवस्तीच्या इतिहासाला मात्र तीही राणीच्या हाडाइतकीच महत्त्वाची.

गोवेकरांविषयी अधिक सांगितले ते जिवंत माणसांच्या रक्ताने. गोवा, कुमठा आणि मंगळूर येथील ११० रोमन कॅथलिकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे नाते गौड सारस्वतांच्या जुन्या शाखेशी जुळले. धर्म बदलला, आडनावे बदलली. वंश बव्हंशी इथलाच राहिला.

जिवंतांकडे वळावे लागते ते हवामानामुळे. उष्ण, दमट मातीत डीएनए लवकर विरतो. हरियाणातील राखीगढीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या चमूने ६० हून अधिक नमुने तपासले, त्यांतल्या एकाच सांगाड्यातून पुरेसा डीएनए निघाला.

धाराशिव जिल्ह्यातील तेरचा युरोपशी संबंध गोव्याहून कितीतरी जुना. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते ‘तगर’ म्हणून येते : पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून मलमल आणि इतर कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई आणि पुढे समुद्रापार. तेरला सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपेईच्या राखेतून निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी केली जाते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात अशा वस्तू, मातीच्या मूर्ती आणि मणी पाहायला मिळतात. त्यांवरून व्यापार कळतो. त्या व्यापारासाठी आलेला एखादा परदेशी तेरलाच संसार थाटून राहिला का, हे विचारायला हाडच लागते.