गवत, घोडा आणि कंबर

ओहायोतल्या मित्राचा फोन. "घरामागे अर्धा एकर लॉन, त्यात कंबर धरलीये. बसून चालवायचा कुठला मोअर घेऊ रे?" मी आपला आधी इतिहास उकरला!

१८३० साली इंग्लंडात स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली ती कापड गिरणीतलं लोकर छाटायचं यंत्र बघून. त्याआधी लांब दांड्याच्या विळ्याने, कंबर वळवत वळवत कापणी चाले. पण हे यंत्र बिडाचं, ढकलायला जड. मग मोठ्या लॉनवर घोडे जुंपले. खुरांनी गवत बिघडू नये म्हणून घोड्यांना चामड्याचे बूट! १९०२ मध्ये रॅन्सम्सने पेट्रोलचा मोअर विकायला आणला. पुढे माणूस यंत्रावरच बसला. ढकलणं संपलं, पण खड्ड्यांचे धक्के थेट मणक्यात जायला लागले.

म्हणून मित्राला म्हटलं, हॉर्सपॉवर नंतर बघ. आधी सीट बघ: उंच पाठ, तुझ्या वजनाप्रमाणे बदलता येणारं सस्पेन्शन. लिव्हर न वाकता हाताशी यायला हवेत. दुकानातल्या फरशीवर नको, खडबडीत जमिनीवर चालवून बघ. आणि कळ पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टर, मग मोअर.

गवतासाठी घोड्याला बूट शिवले लोकांनी. कंबरेसाठी एक बरी सीट बघायला काय हरकत आहे?